तळ्याच्या होलवर बॉल दर वेळी पाण्यात जातो: कारण कसं शोधायचं, उपाय काय करायचा

गोल्फमध्ये टीसमोर (पहिला फटका मारायच्या जागेसमोर) तळं, पलीकडे ग्रीन (होलभोवतीची बारीक गवताची जागा), अंतर १४०-१५० यार्ड, कार्डावर पार ३, म्हणजे तीन फटक्यांचा होल. असा एखादा होल बहुतेक कोर्सवर असतो. आधीच्या होलवर छान लागलेला आयर्न इथे दगा देतो, बॉल तळ्यात जातो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग कोणी ग्रिप बदलतं, कोणी स्टान्स, कोणी टीवर मिळालेला सल्ला तिथल्या तिथे अमलात आणतं. पण बहुतेकांच्या बाबतीत दोष स्विंगमध्ये नसतोच. क्लब एक नंबरने आखूड घेतलेला असतो (आयर्नचा नंबर जितका लहान, तितका बॉल लांब जातो) आणि नेम थेट ग्रीनवरच्या झेंड्यावर धरलेला असतो. या दोन गोष्टी आधी सुधारा. त्यानंतरही बॉल पाण्यात गेला, तरच स्विंगला हात लावा.

(खालची सगळी डावी-उजवी उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलट धरावी.)

आधी बॉल कुठे पडला ते बघा

पाणी उडालं की आपण मान फिरवतो आणि तिथेच सगळी माहिती हातची जाते. शेवटपर्यंत बघा. शॉट सरळ होता, आवाज कोरडा आणि छान होता, तरी बॉल पलीकडच्या काठाच्या चार-पाच यार्ड अलीकडे पडला किंवा काठाच्या उतारावर टप्पा घेऊन मागे घरंगळला, तर तो अंतराचा दोष आहे. बॉल तळ्याच्या मध्यावरच बसला, हाताला फटका जड लागला आणि डिव्हट (क्लबने उखडलेली माती) टीच्या, म्हणजे बॉलखालच्या खुंटीच्या, मागून सुरू झालेला दिसला, तर शॉट फॅट आहे, क्लब आधी जमिनीत गेला. पहिल्या वीस-तीस यार्डांतच बॉल पाण्यावर टिप्पे घेत गेला, तर तो टॉप किंवा थिन, क्लब बॉलच्या वरच्या किंवा मधल्या भागाला लागला. आणि बॉल उजवीकडे वळून कमी पडला, तर क्लबफेस उघडा राहिला, म्हणजे क्लबचं तोंड उजवीकडे वळलेलं होतं.

पुढच्या पाच-सहा राउंडमध्ये कार्डाच्या कोपऱ्यात या होलसमोर एकच अक्षर लिहा: 'अं', 'फॅ', 'टॉ' किंवा 'उ'. एका राउंडवरून निष्कर्ष काढू नका. सहापैकी चारदा एकच अक्षर आलं, तर तोच तुमचा आजार. बाकीचे उपाय सध्या बाजूला ठेवा.

अंतराचा दोष, म्हणजे खरा दोष

टीवरच्या पाटीवर लिहिलेलं अंतर साधारणपणे त्या कायमच्या पाटीपासून ग्रीनच्या मध्यापर्यंतचं असतं. टी-मार्कर (त्या दिवशी कुठून मारायचं ते दाखवणाऱ्या खुणा) मात्र रोज हलतात. झेंडाही हलतो. आणि पाटीवरचा कोणताच आकडा तुम्हाला पाणी ओलांडायला किती लागेल ते सांगत नाही. खरा प्रश्न तोच आहे.

एक हिशेब करून बघू. पाटीवर १४८. आज मार्कर पाटीच्या ६ यार्ड मागे, म्हणजे मध्यापर्यंत १५४. ग्रीनची खोली २६ यार्ड, म्हणजे पुढची कड १४१ वर आणि मागची १६७ वर. ग्रीनच्या पुढे पाण्याकडे उतरणारी ४ यार्डांची तिरकी पट्टी आहे. तिथलं गवत बारीक कापलेलं असेल तर त्यावर पडलेला बॉल मागेच येणार, म्हणून ती पाण्यातच मोजा. किमान कॅरी (बॉलने हवेतून कापलेलं अंतर) १४१ हवा. झेंडा पुढे लावलाय, कडेपासून ५ यार्डांवर, म्हणजे १४६.

आता खेळणारा काय करतो? रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) झेंड्यावर धरतो, १४६ दिसतात. 'माझा सेव्हन आयर्न दीडशे जातो', म्हणून सेव्हन काढतो. तो दीडशे खराच, पण मनासारखा लागला तर. तोच क्लब बारा वेळा मारला तर बारातले नऊ बॉल जेमतेम १३८ च्या पुढे पडतात. म्हणजे शॉट चांगला लागला तरच बॉल कोरडा राहतो, साधारण लागला तर तळ्यात. सिक्स आयर्नने त्याचे बारातले नऊ बॉल १४७ च्या पुढे जातात आणि सर्वांत लांबचा १६० जातो. तो १६० सुद्धा ग्रीनवरच आहे, कारण मागची कड १६७ वर आहे. क्लब निवडताना हा दुसरा आकडाही बघायचा असतो: साधारण फटका पाणी ओलांडतो का, आणि सगळ्यात चांगला फटका ग्रीनच्या आत थांबतो का. दोन्हींचं उत्तर 'हो' देणारा क्लब तो बरोबर.

स्वतःचा 'बारातले नऊ' आकडा काढायला रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बॉलची एक बकेट पुरते:

१. वेजने (सर्वांत आखूड अंतराच्या क्लबने) दहा बॉल मारून अंग मोकळं करा.
२. सेव्हन आयर्नने बारा बॉल मारा. प्रत्येक बॉल जमिनीला पहिल्यांदा कुठे टेकला ते लिहा. घरंगळणं मोजायचं नाही. वाईट बॉलही वगळायचा नाही.
३. बारा आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावा. वरून नववा आकडा म्हणजे तुमचा सेव्हन.
४. दुसऱ्या दिवशी सिक्स आणि फाइव्ह, किंवा फाइव्ह ऐवजी जो हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी वापरायचा क्लब) असेल तो.

यात दोन फसवणुकी आहेत. रेंजचे बॉल जुने, कडक, अनेकदा मुद्दाम कमी उडणारे असतात. त्यामुळे शक्य असेल तर संध्याकाळी रिकाम्या होलवर, परवानगी घेऊन, स्वतःच्या बॉलने हीच मोजणी करा. आणि रेंजवरची मॅट (कृत्रिम गवताची चटई) फॅट शॉट लपवते: क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला तरी मॅटवरून सरकून बॉलला लागतो, बॉल बऱ्यापैकी जातो. गवतावर हाच शॉट तळ्याच्या मध्यावर पडतो. मॅटवर 'सगळं ठीक' आणि कोर्सवर 'सगळं पाण्यात', असं होत असेल तर तुमचं अक्षर 'फॅ' असण्याची शक्यता जास्त.

बॅग उचलणाऱ्या कॅडीला विचारतानाही प्रश्न बदला. "दादा, किती आहे?" विचारलं की तो झेंड्याचं अंतर सांगणार. "दादा, पाणी पार करायला किती, आणि मागे किती जागा?" असं विचारा. रोज त्या होलवरून जाणाऱ्या माणसाकडे हे दोन्ही आकडे असतात.

वारा, उंची, थंडी

समोरून येणारा वारा मदतीच्या वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो. ढोबळ नियम असा: समोरून ताशी १६ किलोमीटरचा वारा असेल तर अंतरात १० टक्के वाढ धरा. तेवढाच मागून असेल तर फक्त ५ टक्के कमी करा. वरच्या उदाहरणात समोरून ताशी १३ किलोमीटर वारा आला, तर १४१ चे १५२ होतात. सिक्सचा १४७ पुरत नाही, फाइव्ह किंवा हायब्रिडच घ्यावा लागतो. तरीही टीवर उभं राहून कोणाला हे पटत नाही, कारण टीला झाडांचा आडोसा असतो आणि अंगाला वारा लागत नाही. बॉल मात्र झाडांच्या शेंड्याच्या उंचीवरून जातो आणि तळ्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. म्हणून गवताच्या काड्या उडवून थांबू नका. शेंडे बघा आणि पाण्यावरच्या लहरी कोणत्या दिशेने सरकताहेत ते बघा.

मुंबईच्या कोर्सवर सकाळी सातला आणि दुपारी तीनला तोच होल दोन वेगळे क्लब मागतो, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुरू होतो. पुण्यात उन्हाळ्यात दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा येतो. सकाळी खेळणाऱ्याने संध्याकाळच्या स्पर्धेत सकाळचाच क्लब काढला की तळ्याला एक बॉल गेलाच म्हणून समजा.

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. हवा विरळ असल्यामुळे तिथे बॉल साधारण २ टक्के जास्त जातो, १५० यार्डांना ३ यार्ड. पुण्यात मोजलेला आकडा घेऊन मुंबईत खेळायला गेलात की हे तीन यार्ड वजा. थंडीचाही हिशेब आहे: डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंश, या दोन्हींत मिडल आयर्नचा चार-पाच यार्डांचा फरक पडतो. 'मुंबईची दमट हवा जड असते, बॉल जात नाही' हे मात्र खरं नाही. दमट हवा उलट किंचित हलकी असते. दमटपणाचा खरा त्रास हाताला होतो: ग्लोव्ह ओला होतो, ग्रिप निसटते, फेस उघडतो आणि बॉल उजवीकडे जातो. बॅगेत दोन कोरडे ग्लोव्ह ठेवा, तीन-तीन होलनंतर बदला. क्लबच्या ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासून धुवा.

नेम: झेंड्यावर नाही

उजव्या हाताच्या खेळाडूचे बॉल गोल घेऱ्यात पडत नाहीत. उजवीकडे गेलेला बॉल सहसा कमी पडतो, कारण उघड्या फेसने लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) वाढतो. डावीकडे गेलेला बॉल लांब जातो, कारण बंद फेसने लॉफ्ट घटतो. म्हणजे तुमचे पन्नास बॉल कागदावर मांडले तर डावीकडे लांब आणि उजवीकडे आखूड असा तिरका पट्टा दिसेल.

आता तळ्याचा काठ कसा आहे ते बघा. काठ तिरका असेल आणि उजवीकडचा भाग टीपासून जास्त दूर असेल, तर त्याची चाल तुमच्या पट्ट्याच्या बरोबर उलट पडते. उजवीकडे लावलेल्या झेंड्यावर नेम धरलात की जरा उजवीकडे गेलेला प्रत्येक बॉल पाण्यात. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सचा १२ वा होल, १५५ यार्डांचा 'गोल्डन बेल', याच कारणाने उजव्या हाताच्या खेळाडूंना त्रास देतो. तिथे होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेत, २०१९ साली, शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेला फ्रान्चेस्को मोलिनारी, ब्रूक्स केप्का, इयन पोल्टर, टोनी फिनाऊ, सगळ्यांचे बॉल तिथे रेज क्रीक या ओढ्यात गेले. टायगर वुड्सने झेंडा सोडून ग्रीनच्या डाव्या-मधल्या भागात बॉल ठेवला, तीन फटक्यांत होल संपवला आणि स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी त्याच होलवर त्याच वुड्सचे तीन बॉल पाण्यात गेले आणि दहा फटके लागले. होल इतका कठोर असेल तर आपण झेंड्याच्या मागे का लागायचं?

तेव्हा नेम ग्रीनच्या मध्यावर, आणि झेंडा पाण्याच्या बाजूला असेल तर मध्यापासून आणखी तीन-चार यार्ड विरुद्ध बाजूला. टी बॉक्सच्या तोंडाच्या दिशेवर विश्वास ठेवू नका. अनेक टी बॉक्स सरळ ग्रीनकडे बघत नाहीत. बॉलच्या पुढे हातभर अंतरावर एखादं वाळकं पान किंवा जुना डिव्हट हेरा, तो नेमाच्या रेषेत आहे ना ते मागून उभं राहून तपासा आणि फेस त्यावर लावा. मार्करच्या रेषेपासून मागे दोन क्लब-लांबीपर्यंत कुठेही टी लावता येतो, हे बरेच जण विसरतात आणि मार्करच्या मधल्या उखडलेल्या, चढ-उताराच्या जागेतच उभे राहतात. दोन पावलं मागे सपाट जागा असते. पाणी उजवीकडे असेल तर टी बॉक्सच्या उजव्या बाजूला टी लावा. नेम आपोआप पाण्यापासून दूर जातो.

फॅट शॉट

यावर थोडं थांबायला हवं, कारण अंतर आणि नेम सुधारल्यावर उरतो तो हाच दोष. पाणी दिसलं की मन बॉल 'उचलायला' बघतं. उजवा खांदा खाली जातो, वजन उजव्या पायावर राहतं, स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे सरकतो आणि क्लब आधी मातीत. आयर्नचा लॉफ्ट बॉल उचलायला पुरेसा असतो. तुम्हाला उचलायची गरज नाही, पण हे शरीराला पटवून द्यावं लागतं, नुसतं सांगून भागत नाही.

गवतावर चुन्याची किंवा फुटपावडरची एक सरळ रेषा काढा, दोन-अडीच फुटांची. बॉल न ठेवता रेषेवर उभं राहून सेव्हन आयर्नने स्विंग करा आणि डिव्हट कुठे सुरू होतो ते बघा. तो रेषेवर किंवा रेषेच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, सुरू व्हायला हवा. मागे सुरू झाला तर पुढच्या स्विंगला डाव्या पायावर आधीच थोडं जास्त, दहातलं सहा भाग, वजन ठेवून उभे राहा आणि शेवटी डाव्या पायावर तोल सांभाळून तीन मोजेपर्यंत थांबा. उजवा बूट फक्त टोकावर टेकलेला राहिला पाहिजे. एका वेळी दहा स्विंग, आठवड्यात तीनदा. दहातले आठ डिव्हट पुढे पडू लागले की मगच बॉल ठेवा आणि बॉलच्या चार इंच मागे एक छोटा टॉवेल घडी घालून ठेवा. टॉवेल हलला तर शॉट मोजायचा नाही, बॉल ग्रीनवर गेला तरी.

आयर्नसाठी टी फार वर लावणं ही आणखी एक बारीक चूक. बॉल गवताच्या टोकांपेक्षा जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर हवा. बॉल बोटभर उंच लावला की तो फेसच्या वरच्या कडेला लागतो, उंच जातो आणि आठ-दहा यार्ड आखूड पडतो. शॉट छान वाटतो आणि बॉल पाण्यात जातो, ही कोड्यासारखी तक्रार पुष्कळदा इथून येते. फेसवर व्हाइटबोर्डच्या मार्करने रंग लावून चार बॉल मारा, ठसा कुठे उमटतो ते लगेच कळेल.

टॉप आणि थिनचं मूळ बहुतेकदा ताणात असतं. डोकं वर आलं म्हणून टॉप झाला असं म्हणतात, पण आधी हात आवळले जातात, कोपरं आत ओढली जातात आणि क्लब वर येतो. एक नंबर लांबचा क्लब घ्या, ग्रिप हलकी करा आणि स्विंग पूर्ण करा. 'हळू मारा' असं स्वतःला सांगू नका. त्याने फटक्याच्या आधीच हात मंदावतात आणि दोष वाढतो. आणि पाण्यासमोर जुना बॉल काढायची सवय सोडा. तो खिशातून बाहेर काढतानाच आपण बॉल जाणार हे मान्य केलेलं असतं. शिवाय तळ्यातून काढलेला जुना बॉल अंतरही कमी देऊ शकतो.

पाण्यात गेलाच तर

पाण्याची हद्द दाखवणाऱ्या खुंट्या पिवळ्या असतील तर एका पेनल्टी स्ट्रोकने (दंडाच्या एका फटक्याने) दोन पर्याय: पुन्हा टीवरून, किंवा बॉल शेवटचा जिथून हद्दीत शिरला तो बिंदू आणि होल यांच्या सरळ रेषेत मागे हवं तितकं जाऊन ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडणं. लाल खुंट्या असतील तर तिसरा पर्याय मिळतो: त्या बिंदूपासून दोन क्लब-लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून.

गोंधळ इथे होतो: बॉल पलीकडच्या काठावर पडून मागे घरंगळला, तर तो शेवटचा हद्दीत शिरला पलीकडून, ग्रीनच्या बाजूने. खुंट्या लाल असतील तर पलीकडेच ड्रॉप मिळू शकतो, आणि बरेच जण हे न कळल्याने उगाच टीजवळ परततात. खुंट्या पिवळ्या असतील तर रेषेत मागे जावं लागतं, आणि ती रेषा तळ्यावरून अलीकडेच येते. काठावरचा टप्पा पाहणाऱ्या माणसाला साक्षीला ठेवा.

गोल्फ क्लबने (संस्थेने) ड्रॉप झोन, म्हणजे ड्रॉपसाठी ठरवलेली जागा, दिला असेल तर तिथून तिसरा शॉट असतो. हा शॉट घाईने मारू नका. २०१६ च्या मास्टर्समध्ये जॉर्डन स्पीथने ऑगस्टाच्या याच १२ व्या होलवर पहिला बॉल पाण्यात घालवला, सुमारे ८० यार्डांवर ड्रॉप घेतला आणि तो वेज इतका फॅट मारला की दुसराही पाण्यात. सात फटके लागले. ड्रॉप झोनचं अंतर आधीच मोजून ठेवा आणि नेमक्या त्याच अंतराचा वेज रेंजवर पक्का करा, उदाहरणार्थ ८५ यार्ड. पुन्हा टीवरून मारायचं ठरवलंत तर बॉल टीवर लावता येतो. ड्रॉप झोनमध्ये मात्र ओल्या, तुडवलेल्या गवतावरून मारावं लागतं. हातात लांबचा वेज पक्का नसेल तर टीच बरी.

आणि तुमचा सगळ्यात लांब क्लबचा 'बारातले नऊ' आकडाच किमान कॅरीपर्यंत पोहोचत नसेल, तर दोनच चांगले मार्ग आहेत. पुढच्या टीवरून खेळा, हँडिकॅप त्या टीप्रमाणे मिळतो. किंवा तळ्याला वळसा घालणारी गवताची बाजू शोधा, तिथे नाइन आयर्नने बॉल ठेवा, मग पिच (छोटा उंच फटका), मग दोन पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके): एकूण चार. तळ्यात एक बॉल घालून ड्रॉप झोनवरून ग्रीन गाठलं तरी दोन पट धरून पाच होतात, तेही तिसरा शॉट नीट बसला तर.